गेर्ड म्युलर : बॉक्समधली गिरकी

रेषाकिनारी

जुन्या आघाडीवीरांचा विषय निघाला की पेले, क्रायफ, युसेबिओ, पुस्कास ही नावं आपोआप येतात. गेर्ड म्युलरचं नाव आलं की मात्र सूर बदलतो. "गोल खूप केले हो, पण..." आणि त्या 'पण'पुढचं वाक्य ठरलेलं : सगळे गोल पाच यार्डांतले, चेंडू पायात येऊन पडायचा, आयत्या बिळावर नागोबा. हा धागा त्या 'पण'साठी काढला आहे.

आकडे एकदाच देतो. जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, म्हणजे बुंडेसलीगात, ४२७ सामन्यांत ३६५ गोल, आणि हा विक्रम अजून उभा आहे. पश्चिम जर्मनीकडून ६२ सामन्यांत ६८, म्हणजे सामन्यामागे एकाहून जास्त. मिरोस्लाव्ह क्लोजेने २०१४ साली तो आकडा ओलांडला तेव्हा क्लोजेचा तो १३२ वा सामना होता. विश्वचषकात १४ गोल, तेही दोनच स्पर्धांत : १९७० ला १० आणि १९७४ ला ४. आयत्या बिळांचा हिशेब इतकी वर्षं इतका नेमका लागत नाही. बीळ कुठे पडणार हे या माणसाला आधी कळत होतं, आणि कळल्यावर तिथे काय करायचं याची त्याची पद्धत ठरलेली होती. त्या पद्धतीबद्दल बोलू.

सुरुवात सगळ्यात प्रसिद्ध गोलपासून. ७ जुलै १९७४, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम, विश्वचषकाची अंतिम लढत, समोर नेदरलँड्स. नीस्केन्सची पेनल्टी, मग ब्राइटनरची पेनल्टी, १-१. ४३ व्या मिनिटाला म्युलरचा सहकारी राइनर बॉनहॉफ उजवीकडून डच बचावपटू आरी हानला मागे टाकून बॉक्समध्ये शिरतो. म्युलर गोलच्या दिशेने धावतोय, बचावपटूही त्याच्याबरोबर तिकडेच धावतायत. बॉनहॉफ चेंडू जमिनीलगत आत देतो. तेवढ्यात म्युलर धाव तोडतो. त्याचा पहिला स्पर्श चेंडूला मागे सोडतो, गोलपासून दूर. पुढच्याच क्षणी तो स्वतः त्या चेंडूकडे मागे सरकतो, जागच्या जागी गिरकी घेतो आणि उजव्या पायाने जमिनीलगत फटका मारतो. बचावपटू क्रोलला पाय मध्ये घालता येत नाही. गोलरक्षक यॉन्गब्लूट जागेवर उभा राहून चेंडू जाताना बघतो. फटका जोरदार मुळीच नाही. २-१, आणि विश्वचषक तिथेच ठरला.

हा गोल सावकाश बघा. यात 'नशीब' नेमकं कुठल्या क्षणाला आहे ते मला दाखवा.

————

पेठकर१०

नशीब दाखवतो की. पहिला स्पर्श. चेंडू मागे गेला तो निसटला म्हणून. मुद्दाम कोण मागे सोडेल? गोल समोर आहे, कीपर सात-आठ मीटरवर आहे.

————

चवडा_आणि_टाच

@पेठकर१०, निसटला असं धरून चालू. तरी प्रश्न उरतोच की दुसऱ्या कुणाचा निसटला असता तर पुढे काय झालं असतं? बहुतेक आघाडीवीरांचं अशा वेळी सगळं वजन पुढच्या पायावर असतं. चेंडू मागे राहिला की आधी शरीर थांबवायचं, मग वळायचं, मग पाय मागे खेचून मारायचं. तीन कामं, आणि तेवढ्यात बचावपटूचा पाय मध्ये येतो. म्युलरची तिन्ही कामं एकाच हालचालीत उरकतात, कारण चेंडू येण्याआधीच त्याचे गुडघे वाकलेले असतात आणि वजन दोन पायांच्या मध्ये असतं. त्यामुळे चेंडू पुढे गेला काय, मागे गेला काय, त्याला दोन्हीकडे सारखंच अंतर पडतं.

ही गिरकी कशी घडते ते सुटं करून लिहितो. 'तो वळायचा' एवढ्यावर सोडून दिलं तर शिकण्यासारखं काही हाती लागत नाही.

आधी बांधा. उंची १.७६ मीटर, धड जमिनीला जवळ, मांड्या अतिशय जाड. १९६४ मध्ये त्याच्या गावाहून, नोर्डलिंगेनहून, बायर्न म्युनिक क्लबमध्ये आला तेव्हा प्रशिक्षक झ्लात्को चायकोव्हस्की त्याला मोडक्या जर्मनमध्ये 'छोटा जाडा म्युलर' म्हणायचे. ते नाव कौतुकाचं नव्हतं, पण फायदा नेमका त्याच बांध्यात होता. गुरुत्वमध्य खाली असला की कमी जागेत वळताना तोल जात नाही, आणि पाठीवर ८० किलोंचा स्टॉपर, म्हणजे पहाऱ्यावरचा मधला बचावपटू, रेलला तरी माणूस उखडत नाही.

आता क्रम. पाठ गोलकडे, स्टॉपर मागे. चेंडू पासच्या वाटेवर असतानाच म्युलर अर्धं पाऊल मागे सरकतो आणि कंबर किंवा पाठ बचावपटूला टेकवतो. मागे न बघता तो कुठे आहे हे कळण्याचा याहून सोपा मार्ग नाही. उजवीकडे दाब जास्त वाटला की डावीकडे मोकळं आहे. मग चेंडू बचावपटूपासून लांबच्या पायावर घ्यायचा, थांबवायचा नाही, फक्त त्याची गती मारायची. चेंडू आधाराच्या पायापासून साधारण दीड वीत बाहेर राहायला हवा. आधाराचा पाय चवड्यावर, टाच किंचित उचललेली. टाच टेकली की गिरकी संपली. मग खांदे आधी फिरतात, कंबर नंतर, पाय सगळ्यात शेवटी. फटका गुडघ्याखालच्या पायाने. मांडी मागे जातच नाही म्हटलं तरी चालेल.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. फटका कधी येणार हे गोलरक्षक मांडी मागे जाण्यावरून ओळखतो. ती खूणच मिळाली नाही तर तो चेंडू सुटल्यावरच जागा होतो. ८ मीटरवरून सेकंदाला २० मीटर वेगाचा, म्हणजे अगदी बेताचा, फटकासुद्धा ०.४ सेकंदात रेषेवर असतो. यॉन्गब्लूट उभा राहिला तो आळसाने नव्हे.

————

मुक्ता_के

वाचनखूण साठवली. खांदे-कंबर-पाय हा क्रम कळला आणि मग १९७२ च्या युरोचे गोल पुन्हा पाहिले की वेगळेच दिसतात. ब्रसेल्समधल्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध त्याचे दोन, त्याआधी अँटवर्पला यजमान बेल्जियमविरुद्ध दोन. आणि मे महिन्यात म्युनिकचं स्टेडियम खुलं झालं त्या सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्धच ४-१, चारही म्युलरचे. सोव्हिएत बचावफळीने तीन आठवडे अभ्यास करूनही अंतिम सामन्यात पुन्हा दोन खाल्ले.

एक शंका : आताच्या बचावपद्धतीत हे चालेल का? तेव्हा एकास एक पहारा होता.

————

स्टॉपर५

बचावाच्या बाजूने मी लिहितो.

जर्मनीत तेव्हाची मांडणी : एक स्टॉपर समोरच्या मुख्य आघाडीवीराला चिकटलेला, तो पाणी प्यायला गेला तरी मागे जाणारा. त्याच्या मागे लिबेरो, ज्याच्याकडे ठरलेला माणूस नाही, तो फक्त भोकं बुजवतो. ५-१० मीटर मागे लिबेरो आहे या भरवशावर स्टॉपर अंगाला चिकटायचा. म्युलरला हेच हवं असायचं. तुम्ही त्याला टेकलात की तुम्ही कुठे आहात हे तुम्हीच त्याला सांगितलंत. तो तुमच्यावर रेलून फिरतो, तुमच्याच वजनाचा खुंटा करून.

त्याला अडवायचा खरा उपाय म्हणजे स्पर्श न करणं. एक हात लांब, चेंडूच्या बाजूला अर्धं वळून उभं राहायचं आणि पास सुटल्यावर पुढे घुसून चेंडू कापायचा. पण यात पास चुकीचा ओळखलात तर तो एकटा गोलरक्षकासमोर. म्हणून बहुतेक जण चिकटणंच पसंत करायचे.

१९७४ च्या अंतिम सामन्यात म्युलरवर विम राइसबर्गन होता आणि हान मागे मोकळा. गोलच्या वेळी तो मोकळा माणूसच बॉनहॉफला अडवायला बाहेर ओढला गेला आणि हरला. म्हणजे भोक बुजवणारा जागेवर नाही, क्रोल आत सरकून बुजवायला बघतोय. म्युलरची गिरकी त्या अर्ध्या सेकंदातली आहे. आयतं बीळ म्हणायचं तर म्हणा, पण ते अर्ध्या सेकंदापुरतंच उघडं होतं.

आजच्या क्षेत्रीय बचावात एक माणूस सतत पाठीवर नसतो, त्यामुळे रेलून फिरायची संधी कमी. पण दोन बचावपटूंच्या मधली फट असते, ती तेव्हा नव्हती. तो तिथे उभा राहिला असता.

अवांतर : मागून पायावर टॅकल करणं तेव्हा सर्रास चालायचं. १९९८ च्या विश्वचषकापासून पंच त्यावर कडक झाले. पाठ गोलकडे करून खेळणाऱ्याच्या टाचा आणि पोटऱ्या त्या काळात रोज सोलून निघायच्या. त्याचे आकडे वाचताना हे धरलं पाहिजे.

————

रेषाकिनारी

@स्टॉपर५, उत्तम. यात नियमांचा आणखी एक मुद्दा जोडतो, कारण त्याचे गोल 'ऑफसाइडच्या काठावरचे फुकट' असतात असंही म्हटलं जातं.

१९९० पर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असणंसुद्धा ऑफसाइड होतं. आज रेषेत असलेला आघाडीवीर वैध असतो, तेव्हा नव्हता. म्हणजे म्युलरला अर्धं-पाऊण पाऊल मागे राहूनच धाव सुरू करावी लागे आणि तरी चेंडूवर आधी पोहोचावं लागे. सरळ धावेत तो काही फार वेगवान नव्हता. तो जिंकायचा पहिल्या तीन मीटरांत. १९७४ च्याच अंतिम सामन्यात उत्तरार्धात त्याने आणखी एकदा चेंडू जाळ्यात घातला होता. तो ऑफसाइड दिला गेला, आणि चित्रण पाहिलं तर तो निर्णय चुकीचा दिसतो.

दुसरं, १९९२ पर्यंत बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकत होता. आजचे आघाडीवीर दबाव टाकून मिळवतात ते अर्धे चेंडू तेव्हा गोलरक्षकाच्या कुशीत सुरक्षित असायचे.

————

नदीकाठ

गोव्याकडून एक प्रश्न. इथे जुने जाणकार म्युलरबद्दल बोलताना त्याचा बायर्न आणि जर्मनीतला सहकारी बेकनबाउर याच्याबरोबरच्या वन-टूचा (पास देऊन पळायचं आणि चेंडू परत घ्यायचा) उल्लेख हमखास करतात. त्यात विशेष काय होतं? वन-टू तर शाळेतली पोरंही खेळतात.

————

चवडा_आणि_टाच

@नदीकाठ, विशेष हे की तो लिबेरोकडून सुरू व्हायचा.

बेकनबाउर मागून चेंडू घेऊन चालत मध्यरेषा ओलांडतो. त्याला कोणी नेमून दिलेलं नाही, कारण एकास एक पहाऱ्यात समोरच्या लिबेरोवर माणूस लावायची पद्धतच नव्हती. म्युलर गोलपासून २०-२५ मीटरवर, पाठ गोलकडे, स्टॉपर चिकटलेला. बेकनबाउर त्याच्या पायात जमिनीलगत कडक पास देतो आणि न थांबता पळतो. म्युलर एका स्पर्शात चेंडू तिरका, बेकनबाउरच्या पुढच्या पावलावर ठेवतो. आता समोरच्या लिबेरोने काय करायचं? बेकनबाउरकडे गेला तर म्युलर फिरून बॉक्समध्ये. म्युलरजवळ थांबला तर बेकनबाउर मोकळा. दोघांपैकी एक सुटणारच.

शाळेतल्या पोरांचं जे चुकतं ते असं. पास देणारा पास देऊन बघत उभा राहतो. पास मऊ देतो, त्यामुळे स्टॉपरला पाय घालायला वेळ मिळतो. वास्तविक पहिला पास कडकच हवा, गती मारायचं काम भिंत झालेल्या खेळाडूचं. भिंत झालेला चेंडू परत पास देणाऱ्याच्या पायात देतो. तो द्यायचा त्याच्या धावेच्या पुढे, दीड-दोन मीटर. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे भिंत झालेला तिथेच थांबतो. म्युलर चेंडू सोडतानाच फिरायला लागलेला असायचा. बेकनबाउरचा फटका गोलरक्षकाने परतवला की चेंडू 'आयता' म्युलरच्या पायात, असं जे दिसतं त्याचं मूळ इथे आहे. तो फटका सुटायच्या आधी निघालेला असतो.

————

पेठकर१०

बरं, वन-टूचा मुद्दा पटला. पण १९७० च्या इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला पहिला गोल बघा. इटलीचा पोलेटी आणि गोलरक्षक अल्बर्टोसी यांच्यात गोंधळ, म्युलरने पायाच्या बोटाने ढोसला, चेंडू लडखडत रेषेपलीकडे. याला कसब म्हणणार?

————

मुक्ता_के

@पेठकर१०, हो, म्हणणार. सामन्याची वेळ बघा. तो ज्यादा वेळातला गोल आहे, ९४ वं मिनिट. तीनच दिवस आधी, १४ जूनला, मेक्सिकोतल्या लिऑनमध्ये इंग्लंडविरुद्ध भर दुपारी १२० मिनिटं खेळून झाली आहेत. ०-२ ने मागे पडून बेकनबाउर, झेलर, आणि १०८ व्या मिनिटाला म्युलर, ३-२. मग १७ जूनला मेक्सिको सिटीच्या आझटेक स्टेडियममध्ये, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून जास्त उंचीवर, पुन्हा ज्यादा वेळ. बेकनबाउर निखळलेल्या खांद्याचा हात अंगाला बांधून खेळतोय. अशा वेळी पोलेटी आणि अल्बर्टोसी दोघंही 'तू घे' या भरवशावर थांबले, आणि मैदानावर एकच माणूस होता जो तेव्हाही चेंडू सुटणार असं धरून पळत होता. दमलेल्या पायांनी शंभरातल्या नव्याण्णव वेळा वाया जाणारी धाव धावायची, हे कसब नाही तर काय?

त्याच सामन्यातला त्याचा दुसरा गोल ११० व्या मिनिटाचा. कॉर्नरनंतर झेलरचं हेडिंग, त्यावर म्युलरने पुढे झुकून डोकं लावलं, आणि खांबाजवळ उभ्या इटलीच्या रिव्हेराला चुकवून चेंडू आत. लगेच पुढच्या मिनिटाला रिव्हेरानेच ४-३ केलं आणि जर्मनी हरली. म्युलरच्या दोन गोलांची आठवण त्यामुळेच कमी निघते.

इंग्लंडविरुद्धचा गोल मात्र कुणी 'ढोसलेला' म्हणू नये. ग्राबोव्स्कीचा उजवीकडून क्रॉस लांबच्या खांबाकडे, लोरने तो डोक्याने परत गोलसमोर वळवला, आणि म्युलरने गोलच्या तोंडाशी हवेतल्या हवेत पाय फिरवून मारला. चेंडू त्याच्या कमरेच्या उंचीवर होता. इतक्या जवळून इतक्या उंचीचा चेंडू गोलवरून उडवणं फार सोपं असतं. त्याने धड चेंडूवर झाकलं म्हणून तो खाली राहिला.

————

रेषाकिनारी

मुक्ता, झेलरचा विषय काढलात ते बरं झालं. १९७० आधी जर्मनीत मोठा वाद होता की उवे झेलर की म्युलर? दोघंही बॉक्समधले, दोघंही ठेंगणे, एकमेकांच्या पायात येणार. प्रशिक्षक हेल्मुट शोन यांनी झेलरला मागे घेतलं, मधल्या फळी आणि आघाडीच्या मध्ये. ३३ वर्षांच्या कर्णधाराने ते मान्य केलं. म्हणजे म्युलरच्या १० गोलांमागे झेलरची ती माघार आहे. मोरोक्कोविरुद्ध १, बल्गेरियाविरुद्ध ३, पेरूविरुद्ध ३, इंग्लंडविरुद्ध १, इटलीविरुद्ध २. प्रत्येक सामन्यात त्याला बॉक्स मोकळा मिळाला.

आणि इथे त्याच्या बाजूने बोलणाऱ्या आपण सर्वांनी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तो पुरवठ्यावर जगणारा खेळाडू होता. क्रायफ स्वतः संघ चालवायचा. म्युलरला बेकनबाउर, नेट्झर, ग्राबोव्स्की, बॉनहॉफ, उली हॉनेस लागायचे. मधल्या फळीत येऊन खेळ बांधणं हे त्याचं काम नव्हतं आणि ते त्याला फारसं जमायचंही नाही. श्रेष्ठत्वाची तुलना करताना मी क्रायफला वरच ठेवीन. पण बॉक्समध्ये, त्या १६.५ मीटरांत, माझ्या मते म्युलरच्या वर कोणीच नाही.

————

स्टॉपर५

+१. आणि पेनल्टीचा आकडा कोणी दिला नाही म्हणून देतो. बुंडेसलीगात त्याने ६३ पेनल्टी मारल्या, ५१ आत, १२ वाया. १२ हा तिथला नकोसा विक्रम. यातून दोन गोष्टी निघतात. एक, ३६५ मधले ३०० हून जास्त गोल पेनल्टीविना आलेले आहेत. दोन, चेंडू स्थिर ठेवून विचार करायला वेळ दिला की तोही चुकायचा. त्याची ताकद हालचालीत होती.

————

बव्हेरियातून

जर्मनीतल्या वाचकांसाठी थोडी भर. नोर्डलिंगेन हे गाव म्युनिकपासून गाडीने दोनेक तासांवर आहे. उल्कापाताने झालेल्या खळग्यात वसलेलं, भोवती अखंड गोल तट. इथल्या क्लबच्या मैदानाला २००८ पासून म्युलरचं नाव आहे.

जर्मनमध्ये त्याच्या नावावरून क्रियापदच तयार झालं, 'म्युलर्न', म्हणजे गर्दीतून कसाही, पण हमखास गोल करणं. आणि बेकनबाउर अनेकदा सांगत की म्युलरचे गोल नसते तर बायर्न आजही जुन्या लाकडी खोपटात बसलेलं असतं. यात अतिशयोक्ती कमी आहे. म्युलर आला तेव्हा बायर्न दुसऱ्या श्रेणीत होतं, १९६५ मध्ये वर आलं. १९७४, ७५, ७६ असे सलग तीन युरोपियन चषक पुढच्या अकरा वर्षांतले. १९७४ ला आत्लेतिको माद्रिदविरुद्धची फेरलढत ४-० झाली त्यात त्याचे दोन, १९७५ ला लीड्सविरुद्ध २-० मध्ये एक.

खेळ थांबल्यावर तो दारूच्या आहारी गेला होता. १९९१ मध्ये हॉनेस आणि बेकनबाउर यांच्यासारखे जुने सहकारी मागे उभे राहिले, उपचार झाले, आणि नंतर दोन दशकांहून जास्त काळ तो बायर्नच्या दुय्यम संघाबरोबर सहायक प्रशिक्षक होता. पुढे बायर्नचाच आघाडीवीर झालेला थॉमस म्युलर त्याच संघातून वर आला. चेंडू पडायच्या आधी तिथे असण्याची त्याची खोड कुठून आली असेल, हे वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ ला गेर्ड म्युलर गेला. त्याच वर्षी मे महिन्यात बायर्नच्या लेवांडोव्स्कीने एका मोसमात ४१ गोल करून त्याचा १९७१-७२ चा ४० गोलांचा विक्रम मोडला होता, अगदी शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला. चाळिसावा गोल झाल्यावर त्याने जर्सी वर करून आतल्या बनियनवरचं गेर्डचं चित्र दाखवलं होतं.

————

पेठकर१०

माघार घेतो. नागोबा म्हणणार नाही.

आता कामाचं विचारतो. कोल्हापुरात पेठापेठांतून पोरं खेळतात, बारा-पंधरा वर्षांची. ताकद आहे, वेग आहे, पण बॉक्समध्ये चेंडू मिळाला की थांबवतात, मान वर करतात, मग मारतात. तोवर तिघं अंगावर. ही गिरकी शिकवायची कशी? मैदान उन्हाळ्यात कडक असतं हे धरून सांगा.

————

चवडा_आणि_टाच

@पेठकर१०, मैदान कडक असेल तर पहिली गोष्ट बूट. लांब खिळ्यांचे नकोत. खिळा कडक जमिनीत धड रुततही नाही आणि सुटतही नाही. चवडा अडकतो, धड फिरतं, आणि मधला गुडघा पिळतो. बारीक रबरी दाण्यांचे बूट घाला, म्हणजे चवडा घसरत फिरेल.

जागा १० बाय १० मीटर, गोलच्या तोंडासमोर, पेनल्टीच्या खुणेभोवती. आठ चेंडू, एक देणारा, एक आघाडीवीर, एक बचावपटू, एक गोलरक्षक. देणारा १२-१५ मीटरवरून कडक जमिनी पास देतो.

पहिला आठवडा बचावपटूशिवाय. फक्त पाठ गोलकडे, लांबच्या पायावर चेंडू, गिरकी, गुडघ्याखालून फटका. अट एकच : दोन स्पर्श. एक घ्यायला, एक मारायला. आठ चेंडूंच्या चार फेऱ्या, म्हणजे ३२ गिरक्या, निम्म्या डावीकडून निम्म्या उजवीकडून, फेऱ्यांमध्ये दीड मिनिट विश्रांती. याहून जास्त नको. दमल्यावर टाच टेकते आणि चुकीची सवय लागते.

दुसऱ्या आठवड्यात बचावपटू पाठीला टेकून उभा, पण चेंडूला पाय लावायचा नाही. आघाडीवीराने मागे न बघता, कुठल्या बाजूला दाब आहे ते तोंडाने सांगायचं, 'डावा', 'उजवा', आणि उलट बाजूने फिरायचं. हे बोलणं महत्त्वाचं आहे. बोलावं लागलं की पोरं पाठीकडे लक्ष देतात. तिसऱ्या आठवड्यापासून बचावपटूला पूर्ण मोकळीक.

मान वर करायची सवय मोडायची तर गोलचे दोन खांब पास येण्याआधी बघून घ्यायला लावा. पास सुटला की नजर चेंडूवर. गोल ७.३२ मीटर रुंदच राहतो, तो जागा बदलत नाही.

चूक कुठे होते ते असं ओळखा. चेंडू वर उडाला : धड मागे कललं. चेंडू बचावपटूच्या पायात गेला : पहिला स्पर्श जवळच्या पायाने घेतला. पोर स्वतः पडलं : आधाराचा पाय सरळ होता, गुडघा वाकलेला नव्हता. फटक्यात जीव नाही : हे चालेल, ती चूक नाही.

————

स्टॉपर५

एक भर. देणाऱ्याला मधूनच मुद्दाम वाईट पास द्यायला सांगा, जरा मागे, जरा उसळता, चारातला एक. सरावात सगळे पास चांगले आले तर १९७४ चा गोल कुणाच्या पायातून यायचा नाही.

————

नदीकाठ

आणि पावसात? गोव्यात जून ते सप्टेंबर मैदानात पाणी.

————

मुक्ता_के

@नदीकाठ, त्यासाठी १९७४ चाच पोलंडविरुद्धचा फ्रँकफुर्टचा सामना बघा. मुसळधार पाऊस, अग्निशमन दलाने मैदानावरचं पाणी उपसलं तरी चेंडू जागोजागी अडकत होता. हॉनेसची पेनल्टी पोलंडचा गोलरक्षक टोमाशेव्स्कीने अडवली. ७६ व्या मिनिटाला म्युलरचा एकमेव गोल, आणि त्यावर जर्मनी अंतिम फेरीत.

पाण्यात चेंडू घरंगळत नाही, मध्येच मरतो. म्हणून पासच्या वाटेत उभं राहून वाट बघायची नाही, चेंडूकडे दोन पावलं पुढे जायचं. गिरकी छोटी, पाऊण नव्हे अर्धीच, कारण आधाराचा पाय सरकतो. आणि फटका मारताना चेंडूच्या मधोमध पाय लावायचा, खाली नाही. खाली लावलात तर चेंडूआधी पाणीच उडतं. बूट मात्र इथे खिळ्यांचेच.

————

पेठकर१०

रविवारपासून सुरू करतो. आठ चेंडू जमवायचे आहेत, सध्या पाचच आहेत. पाचावर फेरी किती ठेवू?

————

चवडा_आणि_टाच

पाच चेंडूंच्या सहा फेऱ्या, म्हणजे ३०. गोलच्या मागे दोन पोरं चेंडू आणायला उभी करा, आणि दर दोन फेऱ्यांनी त्यांची पाळी लावा. विश्रांती तेवढीच, दीड मिनिट.